वाचकांचे प्रश्न : माशातला कृमी आणि बगळ्याची वाट

प्रश्न : माझ्या दिरांनी तलावातून गळाने पकडून आणलेली चिलापी साफ करताना कल्ल्यांच्या मुळाशी आणि पाठीच्या मांसात ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळसर दाणे दिसले. एक दाणा सुईने फोडला, तेव्हा आतून चपटा किडा निघाला आणि ताटलीतल्या पाण्यात आखडू-पसरू लागला. मासा आम्ही टाकून दिला. जीवशास्त्र शिकणारी माझी मुलगी म्हणते की अशा किड्यांच्या डीएनएवरून ते कुठून कुठे पसरले हे सांगता येते. हे खरे आहे का? आणि मासा टाकणे योग्य होते का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : वर्णनावरून हा बहुधा क्लिनोस्टोमम या पर्णकृमीचा, म्हणजे पानासारख्या चपट्या परजीवी किड्याचा, डिंभ (अपूर्ण वाढीची अवस्था) असावा. पूर्ण शिजलेल्या माशात तो जिवंत राहत नाही. मात्र जपान व कोरियात गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाणाऱ्यांच्या घशाला तो चिकटल्याच्या नोंदी आहेत. दाण्यांनी भरलेला मासा टाकून दिलात, ते ठीकच केलेत.

तुमच्या मुलीचे म्हणणे खरे आहे, आणि ते समजण्यासाठी या कृमीचा प्रवास पाहावा लागतो. पूर्ण वाढलेला कृमी बगळ्याच्या तोंडात व घशात राहतो. बगळा पाण्यात चोच घालतो तेव्हा अंडी पाण्यात पडतात, त्यांतून निघालेला डिंभ गोगलगाईत शिरतो, तिच्यात त्याची संख्या अनेक पटींनी वाढते, मग शेपटीचे सूक्ष्म डिंभ बाहेर पडून माशाच्या कातडीतून आत घुसतात आणि तुम्ही पाहिलेल्या दाण्याच्या रूपात बगळ्याची वाट पाहत बसतात. या तीन यजमानांपैकी, म्हणजे कृमी ज्यांच्या अंगात राहतो त्या प्राण्यांपैकी, गोगलगाय फार दूर जात नाही, मासा तलावाबाहेर जाऊ शकत नाही, बगळा मात्र रोज तलाव बदलतो. परजीवींच्या समूह-जनुकशास्त्रातला (वेगवेगळ्या ठिकाणच्या समूहांची जनुके ताडून पाहणाऱ्या शास्त्रातला) माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा धडा असा की, जीवनचक्रातला सर्वाधिक फिरणारा यजमान जिथवर जातो, साधारणपणे तिथवरच्या कृमींची जनुके एकमेकांत मिसळतात.

याचा स्वच्छ पुरावा क्रिसिओनी आणि ब्लॉइन या संशोधकांनी २००४ मध्ये मांडला. अमेरिकेच्या वायव्य भागातील नद्यांमध्ये सामन कुळातील माशांत आढळणारे तीन पर्णकृमी त्यांनी तपासले. त्यांपैकी दोघांचे सगळे आयुष्य पाण्यातच जाते. तिसरा मासे खाणाऱ्या सस्तन प्राण्यांत व पक्ष्यांत प्रौढ होतो. पहिल्या दोघांचे नदीगणिक समूह एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे पडले होते, तर तिसऱ्याचे फारसे वेगळे नव्हते. म्हणजे पोहणारा मासा तोच असला, तरी कृमींचा इतिहास शेवटच्या यजमानाने ठरवला होता.

आपल्याकडे विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि पवई (१८९१) हे तीन तलाव एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. ढोकरी आणि रातबगळे या अंतराला जुमानत नाहीत, त्यामुळे बगळ्यात प्रौढ होणारा कृमी तिन्ही तलावांत जनुकांच्या दृष्टीने एकच समूह असावा, अशी अपेक्षा धरता येते. याउलट केवळ माशांत आणि पाण्यातल्या जीवांत राहणाऱ्या कृमीला पक्ष्याचे पंख नाहीत. तो जाईल तर पावसाळ्यात तलाव भरून वाहतात तेव्हा. तुळशीचे जादा पाणी विहारात येते, विहारचे तुळशीत चढत नाही, म्हणून अशा कृमीची जनुकेही उतारानेच जातील. विहार आणि पवई यांचे पाणी तर पुढे मिठी नदीतच एकत्र येते.

हे तपासताना एक खबरदारी अत्यावश्यक असते. एका गोगलगाईतून बाहेर पडणारे हजारो डिंभ एकाच अंड्याची हुबेहूब प्रत असू शकतात. त्यामुळे एका माशातले दहा दाणे दहा साक्षीदार मानले, तर प्रत्यक्षात एकाच साक्षीदाराचे म्हणणे दहादा मोजले जाते आणि निष्कर्ष फसतो. म्हणून प्रत्येक माशाची कुपी वेगळी ठेवतात आणि मायक्रोसॅटेलाइट खुणांवरून (डीएनएमधल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून) जुळ्या प्रती ओळखून बाजूला काढतात. मुलीला नमुने जपायचे असतील, तर फॉर्मॅलिन वापरू नये, त्याने डीएनए खराब होतो. तीव्र अल्कोहोल घ्यावे आणि कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. मासा, तलाव, तारीख आणि दाणा कुठे होता, एवढे त्यावर असले की पुरे. केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था वर्सोव्यालाच आहे, मुलीने या विषयात पुढे शिकावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : तलावात सोडलेल्या रोहू-कटल्याच्या बीजाबरोबर परजीवीही येतात का, आणि ते जनुकांवरून ओळखता येते का?
— एक मत्स्यपालक, वसई

उत्तर : येतात, आणि ओळखताही येते. रोहू मूळचा उत्तरेकडील गंगेसारख्या नद्यांचा. १९५७ मध्ये ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) सुईने या माशांचे प्रजनन घडवले. तोवर नदीतून गोळा करावे लागणारे बीज, म्हणजे माशांची पिल्ले, त्यानंतर हॅचरीत तयार होऊ लागले. आता ते ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून ट्रकने कुठेही जाते. अशा वेळी माशाच्या अंगावरच्या उवेची, म्हणजे आर्ग्युलसची, जनुके नदीच्या खोऱ्याप्रमाणे नव्हे तर ट्रकच्या रस्त्याप्रमाणे मांडलेली सापडली, तर नवल नाही.

नॉर्वेने याची मोठी किंमत मोजली आहे. बाल्टिक समुद्राच्या बाजूचे सामन मासे ज्याला बऱ्यापैकी सोसतात, तो जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा अर्ध्या मिलिमीटरचा कृमी १९७० च्या दशकात माशांच्या पिल्लांबरोबर नॉर्वेत पोहोचला. त्याला मधला यजमान लागत नाही. आईच्या पोटात लेक आणि लेकीच्या पोटात नात आधीच वाढत असते. तिथल्या सामनांना त्याची सवय नव्हती, आणि नदीमागून नदी ओस पडली. पुढे मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) डीएनएवरून दिसले की हा शिरकाव एकदाच झालेला नसून एकाहून अधिक वेळा झाला होता. म्हणून बीज सोडण्यापूर्वी त्यातली दहा-वीस पिल्ले कातडी आणि कल्ले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावीत, आणि बाकीची काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवावीत.