लॉजवरचा वारकरी

'परका वारकरी, पुणे' यांचं पत्र दोन पानी आहे. तीन वर्षं माऊलींच्या पालखीत एकाच दिंडीतून चालतात, भिशी सगळ्यांआधी भरतात, हरिपाठ तोंडपाठ आहे. तरी दिंडीत त्यांना 'साहेब' म्हणतात, कशात विचारत नाहीत. दिंडी बदलू का, असं विचारतात.

साहेब, दुसऱ्या पानावर कंसात एक ओळ आहे: 'रात्री मात्र मी लॉजवर असतो, तळ दिसला की ड्रायव्हर न्यायला येतो.' तेवढीच लिहून पाठवली असतीत तरी चाललं असतं.

तळ दिसला की तुम्ही निघता, म्हणजे पालखी मुक्कामाच्या तळावर पोचल्यावर होणारी समाजआरतीही धड पाहिली नसणार. चोपदारांनी दंड उंचावला की सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, ऐकून घेतात, मग आरती. तुमच्या दिंडीने कधी असे टाळ वाजवत ठेवले असतील, तर तेव्हा तुम्ही गिझरचं बटण शोधत होतात.

आणि भिशीचं कौतुक सांगू नका. तो जेवणखाणाचा, ट्रकचा खर्च, सगळेच देतात.

यंदा पुण्यातल्या मुक्कामात घरी झोपा, हरकत नाही. पण तिथून पुढे गाडी बंद. सामान दिंडीच्या ट्रकात: एक वळकटी, दोन जोड कपडे, ताट-तांब्या, प्लास्टिकचा कागद. चाकांची बॅग नको, ती ट्रकात रचता येत नाही. वळकटीवर दोन्ही बाजूंना ऑइलपेंटने नाव घाला, अंधारात सगळ्या सारख्याच दिसतात.

पुणे-सासवड ३० किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवेघाट. पोचलात की पाय ठणकत असतील. तरी बसू नका. राहुटीचा ताण धरा, खुंट्या ठोका. मग भोवती वीतभर खोल चर खणा आणि त्याचं तोंड उताराकडे काढा. हा चर लोक कंटाळून अर्धाच सोडतात, मध्यरात्री सर आली की पाणी अंथरुणात येतं आणि सगळी राहुटी उभ्याने रात्र काढते. पहाटे ट्रक भरताना खुंट्या मोजून पोत्यात टाका. पुढच्या तळावर एक जरी कमी भरली तरी शेवटी कुणी उपटल्या होत्या ते सगळ्यांना बरोबर आठवतं.

दिंडी बदलून काय होणार? लॉज तोच राहील. सासवडला तक्रार घेऊन विणेकऱ्यांकडे, म्हणजे दिंडीच्या प्रमुखांकडे, जाऊ नका, ट्रकवाल्याला विचारा कुदळ कुठे ठेवलीय.