डूला म्हणजे सुईणच ना? मग डॉक्टर असताना तिची गरज काय?

नाही हो, सुईण वेगळी, डूला वेगळी. डूला आतून तपासत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही, ते सगळं डॉक्टर आणि नर्सचं काम. ती फक्त बाईसोबत असते, पण सतत, आणि हे सततच महत्त्वाचं आहे कारण नर्सला एकाच वेळी चार-पाच जणी बघायच्या असतात.

माझ्या वेळी कंबरेतून कळा येत होत्या, नवरा बिचारा घाबरून नुसता पाणी देत होता, तेव्हा माझ्या डूलाने कळ आली की दोन्ही तळहातांनी माकडहाडाच्या वरती जोरात दाबून धरलं आणि कानाशी हळू म्हणत राहिली, श्वास सोड, लांब सोड. आडवं न राहता चालायला लावलं, व्यायामाच्या मोठ्या बॉलवर बसवलं, नवऱ्यालाही दाबायचं कसं ते शिकवलं. त्या हातांचा आधार मी विसरूच शकत नाही.

आणि हे नुसतं माझं मत नाही, 2017 च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात, 17 देशांतल्या 15 हजारांहून जास्त बायकांचा डेटा होता, सतत सोबत मिळाली तर नॉर्मल डिलिव्हरी जास्त, सिझेरियन कमी, कळांचा वेळही थोडा कमी, असं दिसलं. सिझर झालं तरी डूला लागते बरं का, पहिलं दूध पाजताना विशेष.

फक्त एक करा, तुमचं हॉस्पिटल लेबर रूममध्ये तिला येऊ देतं का ते सातव्या महिन्यातच विचारून घ्या. डूला परवडत नसेल तर आई, बहीण, जाऊ, जिच्याजवळ मोकळेपणाने ओरडता येईल अशी कुणीही चालेल.