वाचकांचे प्रश्न : बातमीचे दुसरे दार

प्रश्न : मोठे उद्योगसमूह वृत्तवाहिन्या विकत घेत असल्याचे आपण वारंवार लिहिता. परंतु आमच्या पाणीपुरवठ्याच्या, पीकविम्याच्या बातम्या तालुक्याचा वार्ताहरच देतो. दिल्ली-मुंबईतला मालक बदलल्याने आमचे नेमके काय बिघडते?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : शंका रास्त आहे, फक्त तिचे उत्तर मालकाच्या फोनमध्ये शोधू नये, कारण मालक बहुधा फोन करतच नाही. मी मराठवाड्यातल्या एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात असताना आमच्या वार्ताहराने साखर कारखान्याचे मळीमिश्रित पाणी ओढ्यात सोडल्याची बातमी मेलेल्या माशांच्या छायाचित्रासह पाठवली होती. त्याच आठवड्यात त्या कारखान्याच्या गळीत हंगाम शुभारंभाची पानभर जाहिरात यायची होती आणि मानधन नावापुरतेच असल्याने जाहिरातीवरचे कमिशन हीच त्या वार्ताहराची खरी कमाई होती. बातमी लागली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी दैनिकाने ती पहिल्या पानावर घेतली आणि तिसऱ्या दिवशी आम्हालाही ती छापावी लागली, ‘कारखान्याचा खुलासा’ या मथळ्याखाली का होईना.

म्हणजे दाब तेव्हाही होता, पण बातमीला दुसरे दार होते. मालकी एकवटते तेव्हा बंद होते ते हे दार. अमेरिकेत 1996 च्या दूरसंचार कायद्याने रेडिओ केंद्रांच्या मालकीवरची देशपातळीवरची मर्यादा उठताच, तोवर सुमारे 40 केंद्रे असलेल्या क्लिअर चॅनल या कंपनीने काही वर्षांतच सुमारे 1,200 केंद्रे गोळा केली आणि दूरच्या शहरात ध्वनिमुद्रित केलेले निवेदन गावोगावी स्थानिक म्हणून ऐकवले जाऊ लागले.

आपल्याकडे नेटवर्क 18 या वाहिनीसमूहाचा ताबा 2014 मध्ये रिलायन्सकडे, तर एनडीटीव्हीचा 2022 च्या अखेरीस अदानी समूहाकडे गेला. मोबाइलचे दर, विजेचे दर, सिमेंटचे भाव हे सेलूतल्या घरातलेही विषय आहेत आणि या समूहांचे व्यवसायही तेच आहेत. तेथे अमुक बातमी दाबली गेली, असा आरोप मी करत नाही. परंतु जाहिरातदारच मालक असतो तेव्हा त्याच्या धंद्याविषयीची बातमी सुचवण्यापूर्वी बातमीदार दोनदा विचार करतो, आणि न सुचवलेल्या बातमीची नोंद कोणत्याच दप्तरी राहत नाही.

प्रश्न : मग सरकार कायदा का करत नाही?
— एक वाचिका, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : एकदा केला होता. पहिल्या वृत्तपत्र आयोगाच्या शिफारशीवरून 1956 मध्ये दैनिकाची किंमत आणि पाने यांची सांगड घालणारा कायदा झाला. बड्या भांडवलाच्या दैनिकांनी स्वस्तात जाड अंक विकून लहानांना बुडवू नये, हा त्याचा हेतू होता. 1960 मध्ये त्याखाली आदेश निघाला तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेले ते पुण्याचे ‘सकाळ’, आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात असल्याचे सांगून ते रद्द केले. तो निकाल मला योग्यच वाटतो, कारण पाने मोजण्याचा अधिकार सरकारच्या हाती देणे हा रोगापेक्षा भयंकर इलाज ठरला असता. पण मालकीचा मूळ प्रश्न त्यामुळे सुटला नाही. ऑगस्ट 2014 मध्ये दूरसंचार आणि प्रसारणाची नियामक संस्था असलेल्या ट्रायने उद्योगसमूहांच्या आणि राजकीय पक्षांच्या प्रसारमाध्यमांतील मालकीवर निर्बंध सुचवले. त्यांचा कायदा झाला नाही. स्पर्धा आयोग बाजारातला वाटा आणि जाहिरातींचे दर तपासतो. एखाद्या तालुक्याला किती वेगवेगळ्या तोंडांनी बातमी कळते, हे पाहणे त्याच्या कामात बसत नाही.

आपल्या दैनिकाचा मालक कोण, हे मात्र आपण स्वतः पाहू शकता. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1956 च्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात दैनिके ‘फॉर्म 4’, म्हणजे मालकीचा तपशील देणारे निवेदन, छापत आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असणाऱ्यांची नावे त्यात द्यावी लागत. जुने अंक असल्यास मार्चच्या पहिल्या दिवसांतले काढावेत आणि आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या आसपास, बारीक टायपात शोधावे. अनेकदा तेथे माणसाचे नाव न सापडता दुसऱ्याच एखाद्या कंपनीचे नाव सापडते. मग त्या कंपनीचा मालक कोण, हे शोधत बसावे लागते.