एअरब्रश आणि ब्रश स्वस्तात कसे साफ करायचे? महागडं क्लीनर खरंच लागतं का?

तुम्ही विचारलंय की छोटं स्केल मॉडेल रंगवून झालं की एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हातातलं छोटं यंत्र) आणि साधे ब्रश कमी खर्चात कसे साफ करायचे, कारण कंपनीच्या क्लीनरची बाटली चार रंगांत संपते. मीपण सुरुवातीला तेच करायचो, रंगापेक्षा क्लीनरच जास्त विकत घ्यायचो. आता ती बाटली घेणं जवळजवळ बंद केलंय आणि एअरब्रश उलट जास्त चांगला चालतो.

आधी तुमचा रंग कुठला ते बघा, कारण सगळं त्याच्यावर आहे. पाण्यातलं अॅक्रिलिक असेल तर ओलं असेपर्यंत साधं पाणी पुरतं. तामिया कंपनीच्या अॅक्रिलिकसारखे रंग अल्कोहोलमध्ये छान विरघळतात, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) चालतं. इनॅमलला व्हाइट स्पिरिट किंवा टर्पेंटाइन आणि लॅकरला लॅकर थिनर, तो हार्डवेअरवाल्याकडे मोठ्या डब्यात मिळतो, छोट्या बाटलीपेक्षा खूप स्वस्त पडतो. तो रंगात मिसळायला नेहमीच चांगला असतो असं नाही पण धुवायला मस्त. कशात काय विरघळतं ते कळत नसेल तर एखाद्या फुटक्या झाकणावर रंगाचा थेंब वाळू द्या आणि कापसाचा इअरबड त्या द्रवात बुडवून घासून बघा, रंग इअरबडवर आला की झालं, तेच तुमचं क्लीनर.

इथे मी एकदा चांगलाच फसलो होतो. पाण्यातलं अॅक्रिलिक मारून झालं आणि घाईत एअरब्रशच्या रंगाच्या कपात थेट आयपीए ओतलं, तर आतला ओला रंग दूध फाटावं तसा फाटला आणि नॉझलमध्ये (फवारा बाहेर पडतो त्या टोकात) चिकट गोळा होऊन बसला, मग तासभर तेच काढत बसलो. तेव्हापासून आधी पाणी, पाणी स्वच्छ यायला लागलं की मगच अल्कोहोल.

रंग बदलताना सगळा एअरब्रश उघडायची गरज नसते. उरलेला रंग ओतून टाका, कप टिश्यूने पुसा, पिचकारीच्या बाटलीने थोडं पाणी घाला, जुन्या मऊ ब्रशने कपाच्या तळाशी फिरवा आणि फवारून टाका. मग पुन्हा थोडं पाणी घालून नॉझलचं टोक जाड टिश्यूने दाबून धरा आणि ट्रिगर अगदी हळू मागे ओढा, हवा उलटी कपात येते, बुडबुडे उठतात आणि आत अडकलेला रंग वर येतो. कप पाऊण भरलेला असताना हे करू नका, सगळं तोंडावर उडतं (विचारू नका कसं माहीत). असं दोन-तीनदा केलं की पुढचा रंग घ्यायला हरकत नाही. आणि रंगांचा क्रमच फिक्याकडून गडदकडे ठेवला, मेटॅलिक म्हणजे चमकीचे रंग सगळ्यात शेवटी, तर अर्धी धुलाई तशीच वाचते.

फवारा कुठे मारायचा म्हणाल तर क्लीनिंग पॉटसुद्धा घरीच होतो. झाकण असलेली काचेची बरणी घ्या, झाकणाला एक भोक एअरब्रशचं तोंड जाईल एवढं आणि दुसरं हवा बाहेर पडायला, त्या दुसऱ्यात स्पंजचा तुकडा कोंबा. दुसरं भोक विसरलात तर सगळा फवारा उलटा तुमच्याकडेच येईल.

दिवसाचं काम संपलं की मात्र नीडल (एअरब्रशच्या आतली नॉझलपर्यंत जाणारी लांब सुई) बाहेर काढायचीच, याला शॉर्टकट नाही. थिनर लावलेल्या टिश्यूत धरून मागून टोकाकडे पुसायची, उलटं नाही, नाहीतर टोक वाकतं आणि वाकलेल्या टोकाने फवारा एका बाजूला जायला लागतो. नॉझलची मला अजून भीती वाटते. ०.२ किंवा ०.३ मिमीचं भोक, त्यात शिवणाची सुई घातली की तोंड फाकलंच समजा. त्यापेक्षा नॉझल काढून छोट्या धातूच्या झाकणात लॅकर थिनरमध्ये भिजत ठेवा, मग लाकडी टूथपिक बारीक तासून नॉझलच्या मागच्या रुंद बाजूने आत घाला आणि हलक्या हाताने फिरवा. रबरी रिंगा थिनरमध्ये टाकू नका, फुगतात. परत बसवताना आट्यांचं नॉझल बेताचंच आवळा, मी एक जोर लावून तोडलंय आणि त्या नव्या नॉझलच्या पैशात क्लीनरच्या कितीतरी बाटल्या आल्या असत्या. आणि हो, बेसिनवर धुणार असाल तर आधी जाळी लावा, नॉझल तांदळाच्या दाण्याएवढं असतं.

काच पुसायच्या निळ्या लिक्विडचा उपाय सगळीकडे सांगतात. अॅक्रिलिकवर तो चालतो, पण अमोनिया असलेल्या लिक्विडमध्ये एअरब्रश रात्रभर बुडवून ठेवू नका, पितळ आणि वरचं प्लेटिंग खराब होऊ शकतं, फवारून लगेच पाण्याने काढायचं. ते ब्लीचबरोबर तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. नीडल जड चालायला लागली तर बोटाला लागेल एवढं ग्लिसरीन पुरतं, मशीनचं तेल नको, ते रंगात उतरलं की पृष्ठभागावर डोळे, म्हणजे रंग न धरणारे गोल ठिपके, पडतात. अल्ट्रासॉनिक मशीन (ध्वनिलहरींनी भाग धुणारं) मी घेतलेलं नाही आणि अडलंही नाही.

थिनर फवारताना खिडकी उघडी, जवळ ज्योत नाही, तोंडाला ऑरगॅनिक व्हेपरच्या (थिनरची वाफ अडवणाऱ्या) काडतुसांचा मास्क, हातात नायट्राइल ग्लोव्हज, इथे पैसे वाचवू नका. वापरलेलं थिनर बेसिनमध्येही ओतू नका, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, काही दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचं पहिल्या धुण्याला पुन्हा वापरता येतं.

आता साधे ब्रश. ते खराब होतात तेच मुळात केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीत रंग शिरल्यामुळे, म्हणून केसांच्या अर्ध्यापेक्षा जास्त रंगात बुडवायचंच नाही. दोन बरण्या ठेवा, एक घाण धुवायला आणि एक शेवटची, मेटॅलिकसाठी वेगळी, नाहीतर चमकीचे कण पुढच्या रंगात दिसतात. अॅक्रिलिक असेल तर काम संपल्यावर साधी अंघोळीच्या साबणाची वडी, कोमट पाणी, तळहातावर गोल गोल फिरवायचं, फेस पांढरा येईपर्यंत. इनॅमल-लॅकर आधी त्यांच्या थिनरमध्ये काढून मग साबण. उकळतं पाणी नको, आतला गोंद सुटतो. मग बोटांनी टोक करून आडवा वाळवा, बरणीत केसांवर उभा ठेवलेला ब्रश दुसऱ्या दिवशी आकडा झालेला असतो.

अॅक्रिलिक वाळून दगड झालेल्या ब्रशवर अल्कोहोलचं सॅनिटायझर जेल चोपडा, दहा-पंधरा मिनिटांनी धुवा, दोन-तीन वेळा करावं लागतं पण बऱ्याचदा सुटतं. सेबलच्या, म्हणजे प्राण्याच्या खऱ्या केसांच्या ब्रशना नंतर थोडं हेअर कंडिशनर लावा. सिंथेटिकचं टोक वाकलं असेल तर नुसतं टोक क्षणभर गरम पाण्यात बुडवून बोटांनी सरळ करून बघा, अधूनमधून जमतं, कायमचं नाही.

आणि जे अजिबात सुधारत नाहीत ते मी फेकत नाही, केस आडवे कापून ड्रायब्रशिंगला (जवळजवळ कोरड्या ब्रशने उठावावर रंग घासायला) घेतो, सगळ्यात वाईटवाले गोंद लावायला आणि कपाचा तळ घासायला.