डायव्हर घड्याळात दुसरी वेळही हवी असेल तर

पहिलंच डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ, घेताय आणि दुसऱ्या देशाची वेळही मनगटावर हवी आहे, तर जीएमटी, म्हणजे दुसरी वेळही दाखवणारं, डायव्हर जरूर बघा. पाण्यातली मिनिटं बाहेरच्या बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावर, मोजायची. तो एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे धक्का लागलाच तर जास्त वेळ गेल्याचं दाखवतो, कमी कधीच नाही. दुसरी वेळ २४ तासांत एक फेरी मारणारा जादा काटा सांगतो. दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत, मला हेच फार आवडतं.

घेण्याआधी विचारा: वेळ लावताना तासातासाने उडी कोणता काटा मारतो? सेइकोच्या ६आर५४ मशीनमध्ये २४ तासांचा काटा. घरून परदेशी फोन करणाऱ्यांना तेच सोयीचं. सतत विमानप्रवास असेल तर नेहमीचा तासकाटा सरकणारं घ्या, उदाहरणार्थ मियोटाच्या ९०७५ मशीनचं.

आपली खरी अडचण अर्ध्या तासाची. दुबई भारताच्या दीड तास मागे, पण काटा पूर्ण तासच सरकतो. तिथे असाल तर भारताच्या वेळेसाठी २४ तासांचा काटा तिथल्या वेळेच्या एक तास पुढे लावा आणि उरलेली ३० मिनिटं मनात मिळवा. आठवड्याभरात सवय होते.

वेळ लावून झाली की स्क्रूचं क्राउन (बाजूची चावी) पूर्ण आवळा, मगच पाण्यात उतरा.