दुपारची ओहोटी का फसवते?

प्रश्न : अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं म्हणून अष्टमीला गेलो. तक्त्यात ओहोटी दुपारी बाराची होती, तरी वाटेत पाणी होतंच. असं का? आणि सगळ्या पौर्णिमांचं उधाण सारखं का नसतं?

उत्तर : तक्ता बरोबर होता, तिथी चुकली. आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने तिथीची पाऊणपट. आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि सव्वासहा तासांनी, बाराच्या सुमारास ओहोटी. पण त्या दिवशी सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढत असतात. भरतीपुरता सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, तरी तेवढी वजावट होतेच. ही भांगाची भरती : पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. मुंबईत उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची, ओहोटी सरासरी ०.७६ मीटरपर्यंत उतरते, भांगाची १.८६ वरच अडते. (हे आकडे ठरावीक शून्यरेषेपासूनचे, वाटेतल्या पाण्याची खोली नव्हे.) थोडक्यात, आपल्याकडे भर दुपारची ओहोटी बहुतेक भांगाचीच असते. निवांत निघणाऱ्यांची पंचाईत होते ती इथेच.

किल्ल्यासाठी द्वितीया ते चतुर्थी धरा, शुद्ध असो की वद्य. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनीच शिगेला जातो. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनला, ओहोटी सकाळी आठला. सातला वाळूत उतरा आणि आठ वाजता किल्ल्यातून परत निघा. आठला आत शिरणारे अडकतात. ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी तीसेक सेंटिमीटर चढतं, दुसऱ्यात साठ, तिसऱ्या-चौथ्यात नव्वद-नव्वद. पाऊणपटीचा हिशेब तासाभराने चुकू शकतो, म्हणून वेळ तक्त्यातूनच घ्या.

आता पौर्णिमांचं. चंद्र कधी ३,५६,५०० किलोमीटरवर येतो, कधी ४,०६,५०० वर जातो. भरती ओढणारं बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, म्हणून अंतरातला जेमतेम चौदा टक्क्यांचा फरक बलात जवळजवळ दीडपट होतो. चंद्र दर २७.५५ दिवसांनी जवळ येतो आणि पौर्णिमा २९.५३ दिवसांनी. त्यामुळे एकदा जवळच्या चंद्राची पौर्णिमा झाली की पुढची तशीच पौर्णिमा चौदा चांद्रमासांनी; मध्ये सातेक महिन्यांनी तशी अमावास्या येते.

२६ जुलै २००५ ला पौर्णिमा होऊन पाच दिवस उलटले होते. उधाण ओसरायला हवं होतं, तरी मुंबईत दुपारी २.५० ला ४.४८ मीटरची भरती होती : ती पौर्णिमा चंद्र जवळ असतानाची होती.