मुंबई ते लंडन हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा?

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन त्यांच्यातले बृहद्वृत्तीय अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतर, काढावे आणि त्याला सुमारे 900 किमी प्रतितास या वेगाने भागून आलेल्या वेळेत धावपट्टीकडे जाणे, चढणे व उतरणे यांसाठी अर्धा-पाऊण तास मिळवावा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नये. लांबच्या मार्गावर त्यात मोठी चूक होते.

मुंबई विमानतळ 19.09 उत्तर, 72.87 पूर्व येथे आणि हीथ्रो 51.47 उत्तर, 0.45 पश्चिम येथे आहे. गोलीय त्रिकोणमितीने या दोन बिंदूंमधला, पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन सुमारे 64.9 अंश येतो आणि एका अंशाला साधारण 111.2 किमी धरल्यास अंतर सुमारे 7,200 किमी होते. म्हणजे उड्डाणाचे आठ तास आणि वरचा वेळ.

प्रत्यक्षात मात्र जाताना बहुधा नऊ तासांहून अधिक लागतात, कारण वरच्या थरातले पश्चिमी वारे समोरून येतात आणि बंद हवाई क्षेत्रे टाळताना मार्ग लांबतो. परतताना तेच वारे वेळ वाचवतात. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, हेही विसरू नये: हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 1.30 ला निघून साडेनऊ तास उडालेले विमान तिथल्या संध्याकाळी 5.30 ला पोहोचते.